एका गिटारवर दोघं

सदाअण्णा ॲम्प बंद करायचे. शिष्य वाजवत असताना ते त्याच्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसत. पहिली चूक माफ. दुसरी झाली की उठत, गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या त्या ॲम्पचं बटण खट्कन बंद करत आणि म्हणत, “हं, आता पूर्ण कर.” मग त्या मुक्या झालेल्या इलेक्ट्रिक गिटारवर, सगळ्या वर्गासमोर, तुम्ही शेवटपर्यंत वाजवायचं. तारांची नुसती किरकिर ऐकू येते, बोटं घामेजतात आणि बाकीचे शिष्य छताच्या पंख्याकडे बघत बसतात. मधेच थांबलात तर पुढच्या शनिवारी यायचं नाही.

अण्णा गेले त्या दिवशी शिष्यांच्या ग्रुपवर ‘प्रेमळ गुरू’, ‘वडिलांसारखी माया’ असलं काय काय येऊन पडलं. वाचून मला हसूच आलं. अहो, कसली माया! हे लिहिणाऱ्या अमेयची आई एकदा नागपूरहून मुद्दाम लेकाचं वाजवणं ऐकायला आली होती. अण्णांनी तिच्यासमोर ॲम्प बंद केला. तरी त्या माउलीने हसून विचारलं, “कसा वाजवतो हो आमचा अमेय?” अण्णा म्हणाले, “मुलगा चांगला आहे बाई. नोकरी पण चांगली आहे. लग्न करून टाका त्याचं.” अमेय परत वर्गाला आला नाही, आणि आता तोच माया-माया करतोय. माणूस मेला म्हणून तो प्रेमळ होत नाही हो. अण्णा क्रूर होते, आणि तरीही मी वर्षानुवर्षं त्यांचा जिना चढत राहिले, म्हणून त्यांच्याबद्दल खरं सांगायचा थोडा हक्क मला आहे.

मी पुण्याची. बेंगळुरात व्हाइटफील्डच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासते. शनिवारी सकाळी तिथून जे. पी. नगरला पोचायचं म्हणजे अर्धा जन्म सिग्नलवर काढायचा. पहिल्यांदा गेले तेव्हा वह्यापेनांच्या दुकानावरची ती खोली बघूनच मी जरा नाराज झाले. आत पांढऱ्या बनियनवर एक सडपातळ गृहस्थ, कपाळाला विभूतीची रेघ, मांडीवर काळी इलेक्ट्रिक गिटार. घरून मन लावून बसवलेला एक तुकडा मी वाजवून दाखवला. ते म्हणाले, “झालं?”

“झालं.”

“काम काय करतीस?”

मी सांगितलं, टेस्टिंग. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधते.

“म्हणजे दुसऱ्यांच्या चुकांचा पगार खातीस. आणि स्वतःच्या काय फुकट वाटत फिरतीस?”

पुण्यात असलं कुणी बोललं असतं तर मी तिथल्या तिथे पाणउतारा केला असता. इथे मी गिटार पिशवीत भरायला लागले. त्यात ते पहिल्याच भेटीत ‘तू’वर आलेले. घराणं मूळचं निपाणीकडचं, दोन पिढ्या बेंगळुरात मुरलेलं, त्यामुळे त्यांच्या मराठीत कन्नड असं मिसळलेलं की त्यांचं त्यांनाही कळत नसे. “स्वल्प थांब,” “मुंदे,” “सरी.” ‘मुंदे’ म्हणजे पुढे चल. आणि ‘सरी’ म्हणजे बरोबर, ठीक आहे. अण्णांची सगळी स्तुती त्या एका ‘सरी’त मावायची आणि ती मिळवायला माणसं रडकुंडीला यायची. मी रागारागाने जिना उतरले आणि पुढच्या शनिवारी परत गेले. का गेले म्हणाल, तर उठताना त्यांनी स्वतः जरासं वाजवून दाखवलं होतं.

गिटार वाजवणारा एका हाताने तारा दाबतो आणि दुसऱ्याने छेडतो. अण्णा छेडतच नसत. दोन्ही हातांची बोटं ते गिटारच्या दांडीवरच चालवत. बोट तारेवर वरून नेमकं आपटायचं, आणि त्या आपटण्यातूनच सूर उमटायचा. याला टॅपिंग म्हणतात. डावा हात खालच्या सुरांत एक चाल चालवायचा, उजवा वरच्या सुरांत दुसरीच. डोळे मिटून ऐकलं तर दोन माणसं वाजवतायत अशी खात्री पटावी. कुणी जोरात बोटं आपटली की अण्णा ओरडायचे, “वाजवायलाईस का चटणी कुटायलाईस? तारेला मारू नको. तिला कळव, आलोय म्हणून.”

हे त्यांना सुचलं कुठून, हे मी एकदा ते बऱ्या मूडमध्ये असताना विचारलं. त्यांचे वडील भजनात पेटी वाजवत. “उजवा हात गायचा,” अण्णा म्हणाले, “आणि डावा बिचारा जन्मभर भाता हलवत बसलेला. मला लहानपणी त्या डाव्या हाताची कीव यायची. त्याला पण काही सांगायचं असेल की नाही?” त्यांच्या लहानपणच्या घराला लागून एक घटमवादक राहायचे. भिंतीपलीकडून रोज पहाटे मडक्यावर दहा बोटं वेगवेगळी बोलताना ऐकू यायची. पेटीने सूर दिला आणि मडक्याने बोटं, असं ते म्हणत. तिसरी गोष्ट मात्र ऐकून मी खो खो हसले होते.

तरुणपणी त्यांना कुणी तरी एक विदेशी गिटारची कॅसेट दिली. घरचा टेपरेकॉर्डर जुना, त्याचं हेड सरकलेलं. त्यामुळे कॅसेटची एक बाजू लावली की दुसरी बाजूही तिच्यात मिसळून ऐकू यायची, तीही उलटी, शेवटाकडून सुरुवातीकडे. अण्णांना वाटलं, हा एकच माणूस एकाच वेळी दोन चाली वाजवतोय, आणि खालची चाल काय विलक्षण आहे! वर्षं घालवून त्यांनी ते जसंच्या तसं दोन हातांत बसवलं. मग एक दिवस टेप दुरुस्त होऊन आला. कॅसेट लावली तर त्यात एक साधा माणूस साधी चाल वाजवत होता. “मेकॅनिकनं माझं अर्धं संगीत काढून टाकलं,” अण्णा इतक्या वर्षांनंतरही काल घडल्यासारखे चिडून सांगायचे. “दुकानात जाऊन भांडलो मी त्याच्याशी.” पण तोवर हात बसला होता. त्यातूनच त्यांनी स्वतःची रचना केली. नाव ठेवलं ‘उलटसुलट’. डाव्या हाताची चाल उजव्याच्या उलट्या अंगाने येते, आणि शेवटी दोघी एका सुरावर भेटतात. जगात ती वाजवू शकणारी माणसं दोन. एक अण्णा आणि दुसरी त्यांची मुलगी नंदिनी.

नंदिनीबद्दल लिहिताना मला आजही त्रास होतो. पंचविशीची पोरगी, शाळेतल्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घ्यायची. अबोल. पण बोटं अशी की माझ्यासारखीने घरी जाऊन गिटार विकून टाकावी. सहाव्या वर्षापासून बापाने तिला बसवलेली. इतरांचा ॲम्प दुसऱ्या चुकीला बंद व्हायचा, तिचा पहिल्याच. नंदिनी मग मुक्या तारांवर वाजवत राहायची, चेहरा जरासुद्धा न हलवता. संपलं की अण्णा म्हणायचे, “मुंदे.” ‘सरी’ हा शब्द तिच्या वाट्याला कधीच आला नव्हता. त्यांची बायको, जिला आम्ही सगळे अक्का म्हणायचो, एकदा स्वयंपाकघरातून ओरडली होती, “अहो, पोटची पोर आहे, एकदा तरी बरं म्हणा!” अण्णा म्हणाले, “बरं वाजवल्यावर म्हणतो.” खोटं सांगत नाही, त्या क्षणी त्या माणसाच्या कानाखाली वाजवावी असं मला वाटलं होतं.

मग अण्णांचा उजवा हात बिघडला.

दुखत नव्हता, सुजला नव्हता. नुसतं तारेजवळ गेलं की उजव्या हाताची शेवटची दोन बोटं आपोआप आत वळायची, मुठीत. भात कालवायला हात उत्तम, सही करायला उत्तम. फक्त गिटारवर नाही. डॉक्टर म्हणाले, एकच बारीक काम जन्मभर करणाऱ्यांना कधी कधी असं होतं. मेंदू तेवढंच काम विसरतो. औषधांनी फारसा फरक पडला नाही. “शर्टाची बटणं लावायला तयार आहे,” अण्णा बोटांकडे बघत म्हणायचे. “तारेपाशी आला की संप. युनियन केली भडव्यांनी.” आम्ही हसायचो, आणि मग ते हसणाऱ्याचा ॲम्प बंद करायचे.

आणि नेमकं त्याच सुमारास शहरातल्या एका जुन्या संगीतसभेचं बोलावणं आलं. वीणा, व्हायोलिन, मृदंगम ऐकत म्हातारी झालेली तिथली माणसं. गिटारला ती वाद्यच समजत नसत. अण्णांनी आयुष्यभर वाट पाहिलेली ती एक संध्याकाळ, आणि तिचं निमंत्रण अर्धा हात गेल्यावर दारात आलं. अक्का म्हणाली, नाही म्हणून कळवा. अण्णांनी कळवलं नाही. दार लावून एकटेच खोलीत बसून राहिले. बाहेर आलेच नाहीत, तेव्हा नंदिनी आत गेली. थोड्या वेळाने आतून ‘उलटसुलट’ ऐकू यायला लागलं, दोन्ही चालींसकट. आम्ही शिष्य दाराशी जमलो. गिटार अण्णांच्या मांडीवर होती. त्यांचा डावा हात दांडीवर, उजवा खिशात. आणि त्यांच्या उजव्या बाजूला स्टूल ओढून, पार खेटून बसलेली नंदिनी तिच्या उजव्या हाताने वरची चाल वाजवत होती. एका गिटारवर दोघं.

ते काय होतं हे मला सांगता येत नाही. एकाच माणसाच्या दोन हातांपेक्षा ते सुंदर होतं. दोन चाली एकमेकींचं ऐकत होत्या. संपल्यावर अण्णा गिटारकडेच बघत पुटपुटले, “सरी.” नंदिनी उठून स्वयंपाकघरात गेली आणि तिने सगळ्यांसाठी चहा टाकला. इतका गोड चहा मी जन्मात प्यायले नाही. आईशप्पथ, तिने साखर दोनदा घातली होती.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत धोतर नेसलेले जुने जाणकार, मांडीवर हाताने ताल धरणारे. मी चौथ्या रांगेत होते. रचना माझी पाठ झालेली, रोजच्या तालमींना ऑफिसला दांड्या मारून मी हजर असायचे. सगळं सुरेख चाललं होतं. शेवटच्या वळणाआधी डाव्या हाताला दांडीवर पार खालपर्यंत घसरून परत यायचं असतं. अण्णांचा डावा हात गेला आणि एक घर अलीकडेच थांबला. चुकला. आयुष्यात पहिल्यांदा लोकांसमोर चुकला आणि तिथेच गोठला. नंदिनीने मान वर केली नाही. तिने आपली चाल मोडली, तो चुकलेला सूर आपल्या चालीत घेतला, त्याच्याभोवती फिरून बापाला अलगद वाटेवर आणून सोडलं. पापणी लवायच्या आत. ज्यांनी रचना आधी ऐकली नव्हती, त्यांना एवढंच कळलं की डावा हात एका जागी ठाम आहे आणि मुलीचा हात भरकटला. जाणकारांच्या मांडीवरचे हात थांबले.

टाळ्या झाल्या. मग सभेचे म्हातारे चिटणीस माइकवर येऊन कौतुकाने म्हणाले, उत्तम झालं, शेवटी स्वल्प काही तरी झालं खरं, पण उत्तम. सगळे अण्णांकडे बघायला लागले. अण्णांनी माइक हातात घेतला. मला वाटलं, आता सांगतील. अण्णा म्हणाले, “मुलगी आहे. घाबरली. शिकेल.”

सभागृह हसलं. प्रेमाने हसतात तसं हसलं, तेच जास्त लागलं. नंदिनीनेही हसून मान डोलावली आणि सगळ्यांना हात जोडले.

दुसऱ्या दिवशी ती गिटारला शिवली नाही. अण्णांनी हाक मारली तर म्हणाली, “बेडा अण्णा. नको आता.” आवाज चढवला नाही, रडली नाही. अण्णांना वाटलं, चार दिवसांत येईल. ती आलीच नाही.

माझ्या डोक्यात तिडीक गेली होती. वर्ग संपल्यावर मी थांबले आणि स्पष्ट म्हटलं, “अण्णा, चूक तुमची होती. मी ऐकलंय. चारचौघांत तिच्यावर ढकललीत, आता चारचौघांत परत घ्या.”

मला वाटलं, आता जिन्यावरून ढकलून देतात. पण ते शांत होते. “मला काय कळलं नाही वाटतंय तुला? पोरीनं कसं धरलं मला, ते माझ्या बोटांना कळलंय.”

“मग सांगा ना तिला!”

“सांगितलं तर काय होईल? सगळे म्हणतील, म्हाताऱ्याचा डावा पण गेला.” त्यांनी डावा हात उलटासुलटा करून बघितला. “एवढा एकच राहिलाय गं माझ्याजवळ.”

दया यावी असंच ते वाक्य होतं, आणि मला ती आली नाही. आपला एक हात शाबूत दिसावा म्हणून या माणसाने मुलीचे दोन्ही काढून घेतले होते. तसं मी तोंडावर बोलले. ते भिंतीकडे वळून बसले.

अक्काने वर्षाच्या आत नंदिनीचं लग्न ठरवलं. मुलगा बेंगळुराजवळ होसकोट्याच्या एका कारखान्यात इंजिनिअर, माणसं बेळगावकडची, सरळ. लग्नात गिटारचा कुणी उल्लेखही केला नाही. पाठवणीच्या वेळी अण्णा काही तरी बोलायला पुढे झाले, आणि “गाडीत पाणी ठेवलंय का?” एवढंच विचारून मागे आले.

पुढे त्यांच्या डाव्या हाताची बोटंही वळायला लागली. वर्ग बंद झाला. एके रविवारी सकाळी मला अण्णांचा फोन आला. माझं नाव ते कधी घेत नसत, ‘पुणे’च म्हणत. “पुणे, गाडी काढ. होसकोट्याला जायचंय. सांगायचंय तिला.” इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि वाटभर त्यांचे ओठ सारखे हलत होते. चक्क पाठांतर चाललं होतं. मला पहिल्यांदा त्यांची माया आली. वाटलं, चला, उशिरा का होईना, हा माणूस पोरीला तिचा हात परत देतोय.

नंदिनीने दार उघडलं. चांगली दिसत होती, अंगाने भरलेली. जावई प्रसाद आणि त्याची आई समोरच बसले होते. नंदिनी पाण्याचे ग्लास घेऊन आली तेव्हा तिची नखं दिसली. लांब, गोल कापलेली, लाल रंगवलेली. टॅपिंग करणाऱ्याला नख चालत नाही, बोटाचं मांस तारेवर पडावं लागतं. सहाव्या वर्षापासून या मुलीच्या बोटांना कधी नख नव्हतं. अण्णांनी ती नखं पाहिली, ग्लास घेतला आणि तसाच खाली ठेवला.

मग उभं राहून, सगळ्यांसमोर, ते म्हणाले, “नंदू, त्या दिवशी सभेत चूक माझी झाली. माझा डावा चुकला. तू सावरलंस, म्हणून पूर्ण झालं. आणि मी तुझं नाव सांगितलं.”

खोलीत कुणालाच काही कळेना. प्रसाद गोंधळून म्हणाला, “कसली सभा, मामा?” मग बायकोकडे वळून, हसत, “म्हणजे तू गिटार वाजवायचीस? तू तर म्हणाली होतीस, अण्णांनी मला कधी शिकवलंच नाही.”

नंदिनीने बापाकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. तिथे काहीच नव्हतं. “लहानपणी हो,” ती नवऱ्याला म्हणाली. “हौस म्हणून. थोडंसं. सगळी मुलं शिकतात तसं. ते कुठलं तरी जुनं धरून बसलेत, वय झालंय त्यांचं.”

माझ्या तोंडाशी आलं होतं. ओरडून सांगावं, अहो, ही थोडंसं नाही वाजवत, हिच्यासारखं वाजवणारं दुसरं कुणी मी ऐकलेलं नाही! मी अण्णांकडे पाहिलं. मुलीची एक चूक कधी सहन न केलेला तो माणूस आता तरी तोंड उघडेल आणि हे खोटं तिथल्या तिथे बंद पाडेल, अशी माझी खात्री होती.

“होय ना, अण्णा?” नंदिनीने विचारलं.

“होय,” अण्णा म्हणाले. “थोडंसंच. मला वेळ कुठं होता शिकवायला.”

“बरं झालं सोडलं ते,” तिची सासू म्हणाली. “मुलींच्या बोटांना घट्टे पडतात म्हणे त्यानं.”

“पडतात,” अण्णा म्हणाले, आणि खाली बसले.